हाताने शिकताना: पहिली-दुसरीच्या वर्गात कृती कशा घ्याव्यात

कृतीचा तास संपला की मुलांना दोन प्रश्न विचारून पाहा. ‘आज आपण काय केलं?’ असं विचारलं की निम्मा वर्ग एकदम बोलू लागतो. काड्या बांधल्या, होडी केली, माझी बुडाली, त्याची तरंगली! ‘मग आज तुला काय कळलं?’ या प्रश्नावर मात्र बहुतेक मुलं एकमेकांकडे बघतात. तास कसा झाला हे ठरवणारा प्रश्न हा दुसरा आहे. वस्तू हाताळल्या म्हणून शिकणं आपोआप होत नाही. हाताळण्याआधी मुलाने अंदाज बांधला, हाताळताना तो तपासला आणि नंतर शब्दांत किंवा चित्रात मांडला, तर ते होतं. पुढचा सगळा लेख या एका गोष्टीभोवती आहे.

सहा ते आठ वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. घरी मुलांबरोबर बसणाऱ्या पालकांनाही यातलं बरंच वापरता येईल. दोन कृती पहिल्यापासून शेवटपर्यंत दिल्या आहेत, बाकीच्या थोडक्यात. दहा कृती वरवर उरकण्यापेक्षा दोन कृती मुरेपर्यंत घेणं मला केव्हाही अधिक मोलाचं वाटतं.

वस्तू, चित्र आणि मग चिन्ह

मुलांच्या हाती वस्तू देऊन शिकवण्याचा विचार जुना आहे. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ साली जर्मनीत लहान मुलांसाठी संस्था काढली. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल आणि ठोकळे हे तिथलं मुख्य साहित्य होतं. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. त्यांच्या पद्धतीत दशमान संख्या शिकवताना सुटा मणी, दहा मण्यांची सळई, शंभर मण्यांचा चौकोन आणि हजार मण्यांचा घन वापरतात. हे मणी सगळे एकाच सोनेरी रंगाचे आणि एकाच आकाराचे असतात. बदलते ती फक्त संख्या, त्यामुळे मुलाचं लक्ष दुसरीकडे जायला जागाच राहत नाही. चमकी आणि रंगीत कागद लावून साहित्य सजवण्यात तासन् तास घालवणाऱ्या शिक्षकांनी यावर जरूर विचार करावा. साहित्य जितकं साधं, तितकी त्यातली कल्पना ठळक.

दुसरी उपयोगी मांडणी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांची, १९६०च्या दशकातली. माणूस एखादी कल्पना तीन रूपांत धरतो, असं त्यांनी मांडलं: प्रत्यक्ष करून, चित्राच्या रूपात आणि चिन्हाच्या रूपात. वर्गाच्या भाषेत सांगायचं तर आधी काड्यांचे गठ्ठे, मग वहीत त्या गठ्ठ्यांचं चित्र, मग २३ ही संख्या. वर्गात अनेकदा मधली पायरी गळते. सोमवारी काड्या होतात आणि मंगळवारी थेट वहीत बेरजा सुरू होतात. मुलाला ते दोन वेगळेच खेळ वाटतात. कालच्या गठ्ठ्याचा आजच्या हातच्याशी काही संबंध आहे, हे त्याला दिसतच नाही. म्हणून चित्राच्या पायरीला स्वतंत्र दिवस द्या.

संख्यांच्या कृती सुरू करण्याआधी प्रत्येक मुलाबरोबर दोन मिनिटं बसून एक गोष्ट करून बघा. सहा बटणांची एक रांग लावा. तिच्यासमोर, एकास एक, दुसऱ्या सहा बटणांची रांग लावा. ‘दोन्हीकडे सारखीच आहेत ना?’ मूल हो म्हणेल. आता त्याच्यादेखत एका रांगेतली बटणं लांब लांब पसरवा आणि विचारा, ‘आता कुठे जास्त आहेत?’ हा प्रयोग मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या झाँ पियाजे यांच्या कामातला आहे. या वयातली काही मुलं लांब रांगेकडे बोट दाखवतात. अशा मुलाला ‘नाही रे, सारखीच आहेत’ असं सांगून काही होत नाही. त्याला जोड्या लावणं, वाटणं, मांडणी बदलून पुन्हा मोजणं असे खेळ आणखी काही दिवस हवे असतात. बेरजेची घाई त्याच्यासाठी थांबवा.

आखणी

आखणीची सुरुवात साहित्यापासून करू नका. आधी एका वाक्यात लिहा की मुलाला नेमकं काय कळायला हवं. ‘मुलं दशक-एकक शिकतील’ हे वाक्य पुरत नाही. ‘दहा सुट्या काड्यांऐवजी एक गठ्ठा घेतला तरी काड्या तेवढ्याच राहतात’ हे वाक्य पुरतं, कारण ते कळलं की नाही हे तपासता येतं.

मग स्वतःला विचारा, या अर्ध्या तासात मूल कशाचा विचार करत असेल? ‘म मेंढीचा’ शिकवताना मेंढीच्या चित्रावर कापूस चिकटवण्याची कृती घ्या. पंचवीस मिनिटं मूल गोंद, कापूस आणि चिकट बोटं यांचाच विचार करतं, ‘म’ त्याच्या डोक्यात जेमतेम मिनिटभर येतो. चित्रकलेच्या तासाला ही कृती छानच आहे. अक्षर शिकवण्यासाठी मात्र ती वेळ खाते. अशा कृती दिसायला देखण्या असतात, भिंतीवर शोभतात, म्हणून त्या सोडवत नाहीत. सोडायला हव्यात.

त्यानंतर जे साहित्य मुलांना देणार तेच घेऊन संपूर्ण कृती आधी स्वतः करा. रबर तुटतं का, क्ले पाण्यात विरघळते का, ताटात सगळं मावतं का, हे आदल्या दिवशीच कळतं. मुलांना तुमच्याहून बराच जास्त वेळ लागेल हे धरून चाला. प्रत्येक गटाचं साहित्य मोजून वेगवेगळ्या ताटात ठेवा. वर्गात उभं राहून वाटप सुरू केलं की पहिली दहा मिनिटं गेलीच. आणि तीन प्रश्न कागदावर लिहून खिशात ठेवा: एक अंदाज विचारणारा, एक ‘असं का झालं असेल’ विचारणारा, एक ‘आता काय बदलून बघशील’ विचारणारा. गडबडीच्या तासात चांगले प्रश्न आयत्या वेळी सुचत नाहीत.

पहिली कृती: काड्यांचे गठ्ठे

चार मुलांच्या गटाला सारख्या लांबीच्या, टोक नसलेल्या दोनशेक काड्या, दोन डझन छोटी रबरं, एक फासा आणि चार पट लागतात. पट म्हणजे जाड कागदावर आखलेले दोन रकाने, डावीकडे दशकाचं घर आणि उजवीकडे एककाचं. रोज अर्धा तास धरला तर ही कृती आठ-दहा दिवस चालते. ती एका तासात गुंडाळण्याच्या फंदात पडू नका.

पहिली पाच-सात मिनिटं काड्या नुसत्या खेळू द्या. मुलं घरं बांधतील, त्रिकोण करतील. नव्या वस्तूचं कुतूहल आधी शमलं नाही तर ते तुमच्या सूचनांच्या मधेच उफाळतं.

मग प्रत्येकाने दोन्ही हातांच्या ओंजळीत मावतील तेवढ्या काड्या घ्यायच्या आणि मोजायच्या आधी अंदाज चिठ्ठीवर लिहायचा. अंदाज चुकला तरी खोडायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा आणि पाळा. आता मोजा. शेजारच्या मुलाकडूनही मोजून घ्या. दोघांची संख्या वेगळी येण्याचे प्रसंग हमखास येतात, आणि तेच तुम्हाला हवे आहेत. ‘चुकायला नको म्हणून कसं मोजता येईल?’ असं विचारा आणि थांबा. कुणी दोन-दोनचे ढीग करेल, कुणी पाचचे. सगळ्या युक्त्या ऐकून घ्या आणि मग ठरवा की वर्गात सगळ्यांनी दहाचे गठ्ठे करायचे.

गठ्ठा मुलाने स्वतः मोजून स्वतःच बांधायचा. आयते बांधलेले गठ्ठे या टप्प्यावर देऊ नका. त्या गठ्ठ्यात दहा सुट्या काड्या गेल्या आहेत हे मुलाच्या हातांनी अनुभवलेलं असलं पाहिजे. ज्याला रबर चढवता येत नाही त्याच्यासाठी जोडीदाराने काड्या धरून ठेवाव्यात.

मग खेळ. फासा टाकायचा, जितके पडतील तितक्या काड्या एककाच्या घरात ठेवायच्या. नियम एकच: एककाच्या घरात नऊपेक्षा जास्त काड्या राहू शकत नाहीत. दहा झाल्या की बांधा आणि दशकाच्या घरात पाठवा. पाच गठ्ठे आधी होतील तो जिंकला. प्रत्येक डावाला मुलाने मोठ्याने बोलायचं: ‘माझ्याकडे दोन दशक सात. पाच पडले. बारा झाले. एक गठ्ठा केला. आता तीन दशक दोन.’ हे बोलणं टाळू नका. बोलल्याशिवाय खेळणारी मुलं फक्त काड्या हलवत राहतात.

दोन दिवसांनी खेळ उलटा. पाच गठ्ठ्यांपासून सुरुवात, फासा पडेल तेवढ्या काड्या परत द्यायच्या. पहिल्याच डावात अडचण येते, कारण सुटी काडी एकही नसते. काही मुलं तुमच्याकडे बघतील. ‘काय करता येईल?’ एवढंच म्हणा. कुणीतरी रबर काढतंच. वजाबाकीत दशक सुटा करणं म्हणजे काय, ते त्या क्षणी मुलाच्या हातात असतं. मग ३२ मधून १७ काढायला सांगा. तीन गठ्ठे, दोन सुट्या. सात सुट्या द्यायच्या आहेत, म्हणून एक गठ्ठा सोडला. आता दोन गठ्ठे, बारा सुट्या. सात दिल्या, पाच उरल्या. एक गठ्ठा दिला, एक उरला. पंधरा.

इथे मराठी संख्यानामांची अडचण आडवी येते. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी येतो, म्हणून ५२ लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. एकोणतीसमध्ये तर नऊ ऐकूच येत नाही, कानावर तीस पडतं. यासाठी तीन गठ्ठे ठेवायला लावा, एक सोडायला लावा आणि त्यातली एक काडी काढून घ्या. दोन गठ्ठे, नऊ सुट्या. तिसाला एक कमी कसा झाला हे मुलाला समोर दिसतं. एकोणचाळीस, एकोणपन्नास अशाच पद्धतीने करून घ्या. त्या काळात ‘दोन दशक नऊ’ आणि ‘एकोणतीस’ ही दोन्ही नावं जोडीने बोलायची सवय ठेवा.

आता चित्र. गठ्ठ्यासाठी एक उभी रेघ, सुट्या काडीसाठी एक ठिपका. मुलं पटावर ३२ मांडतात आणि वहीत तीन रेघा, दोन ठिपके काढतात. मग काड्या न घेता फक्त चित्रावर बेरीज: २७ मध्ये १५. दहा ठिपक्यांभोवती गोल करायचा आणि त्यांच्या जागी एक रेघ काढायची. हे जमू लागलं की चित्राशेजारी अंक लिहा. अंकांसाठी एकावर एक बसणारी कार्डं करता येतात. २० लिहिलेल्या रुंद कार्डाच्या शून्यावर ५चं अरुंद कार्ड ठेवलं की २५ दिसतात, आणि खालचा शून्य झाकला गेला आहे, पुसला गेलेला नाही, हेही मुलाला समजतं.

मुलाला खरंच समजलं का हे बघण्याची एक पक्की परीक्षा आहे. सोळा सुट्या काड्या पुढे ठेवा, कागदावर १६ लिहा. ६ भोवती गोल करून विचारा, ‘यातला हा भाग काड्यांमध्ये दाखव.’ मूल सहा काड्या दाखवेल. मग १ भोवती गोल करा. कितीतरी मुलं एकच काडी उचलतात, अगदी बेरजा बरोबर करणारीसुद्धा. तेव्हा उत्तर सांगू नका. ‘मग या उरलेल्या नऊ कुणाच्या?’ असं विचारा. या प्रश्नावर मूल गोंधळतं, विचार करतं, आणि काही मुलं तिथल्या तिथे गठ्ठा बांधायला घेतात. एकच काडी दाखवणाऱ्या मुलाचा हातचा पाठ झालेला असतो, समजलेला नसतो. त्याच्याबरोबर पुन्हा फाशाच्या खेळापासून सुरुवात करा.

दुसरी कृती: क्लेची होडी

तरंगणं-बुडणं ही कृती बहुतेक शाळांत होते, पण तिच्यासाठी वस्तू निष्काळजीपणे निवडल्या जातात. जड वस्तू सगळ्या बुडाल्या आणि हलक्या सगळ्या तरंगल्या, तर मूल ‘जड ते बुडतं’ हा चुकीचा नियम घेऊन घरी जातं, तोही स्वतःच्या डोळ्यांनी बघून. म्हणून वस्तूंमध्ये लाकडाचा मोठा ओंडका आणि छोटी टाचणी हवीच. ओंडका तरंगतो, टोकाकडून आत सोडलेली टाचणी बुडते, आणि वर्गात वाद सुरू होतो. हा वाद दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच राहू द्या.

दुसऱ्या दिवशी दोघांमध्ये सुमारे ५० ग्रॅम क्ले द्या. खेळण्यातली तेलकट क्ले हवी. साधी माती पाण्यात विरघळते. चार मुलांत एक पसरट टब, त्यात वीतभर पाणी, एकसारख्या वीस-तीस गोट्या आणि पुसायला जुने टॉवेल. टब टेबलाऐवजी जमिनीवर ठेवले तर सांडणं आणि सांभाळणं दोन्ही सोपं जातं. पाणी भरलेला टब पाच मिनिटंही मुलांबरोबर एकटा सोडायचा नाही.

क्लेचा गोळा करून दाखवा, अंदाज घ्या, पाण्यात टाका. बुडतो. आता आव्हान: ‘यातली क्ले कमी करायची नाही, दुसरं काही जोडायचं नाही. हिला तरंगवून दाखवा.’ आणि मग मागे सरा. मुलं आधी छोटे छोटे गोळे करतील. ते बुडतील. मग पापुद्रा करतील, तोही बहुधा बुडेल. दहा-पंधरा मिनिटं हे चालू द्या. ही मिनिटं शिक्षकासाठी कठीण असतात, हात शिवशिवतात. वाटीसारखा आकार तुम्ही करून दाखवला की शोध संपला, उरली फक्त नक्कल. कुणीतरी कडा उचलतंच. ज्या जोडीची होडी तरंगली तिला सगळ्यांसमोर दोन प्रश्न विचारा: तुम्ही काय बदललं? काय तसंच राहिलं? क्ले तेवढीच होती, पाणी तेच होतं, फक्त आकार बदलला. हे वाक्य मुलाच्या तोंडून यायला हवं, तुमच्या नव्हे.

पुढच्या तासाला भार. आधी कागदावर होडीचं चित्र आणि अंदाज: किती गोट्या पेलेल? मग एकेक गोटी अलगद ठेवायची. बुडाली की त्याआधीची संख्या लिहायची. आता खरा मोलाचा भाग येतो. ‘तुझ्या होडीत एकच गोष्ट बदलून बघ आणि आधी सांग, गोट्या वाढतील की कमी होतील.’ कुणी तळ रुंद करतं, कुणी कडा उंच करतं, कुणी गोट्या एका बाजूला न ठेवता मधोमध ठेवतं. एका वेळी एकच बदल, हा नियम सात वर्षांच्या मुलांना पाळता येतो, फक्त त्यांना त्याची सतत आठवण द्यावी लागते. दोन गोष्टी बदलल्या तर नेमका फरक कशामुळे पडला ते कळणार नाही, हे एखाद्या जोडीच्या कागदावरूनच दाखवा.

स्पष्टीकरण किती द्यायचं? घनतेचं सूत्र या वयाला नको. त्याऐवजी झाकण घट्ट लावलेली रिकामी बाटली प्रत्येकाला पाण्यात दाबायला द्या. पाणी हाताला वर ढकलताना जाणवतं. बाटली पूर्ण बुडेपर्यंत जितकी खोल दाबावी तितका धक्का जोरात. एवढ्यावर म्हणता येतं की होडी पाणी बाजूला सारते आणि पाणी तिला वर ढकलतं. जास्त पाणी बाजूला सारणारी होडी जास्त वजन पेलते. शिक्षकाला मात्र थोडं पुढचं माहीत हवं. एक मिलिलिटर पाण्याचं वजन एक ग्रॅम असतं. ५० ग्रॅमची होडी तरंगायला तिने ५० मिलिलिटर पाणी बाजूला सारायला हवं. गोळ्याचं आकारमान त्याहून कमी भरतं, म्हणून तो बुडतो. तीच क्ले पसरून काठापर्यंत २०० मिलिलिटर जागा व्यापणारी होडी केली, तर ती स्वतःखेरीज जवळजवळ १५० ग्रॅम पेलू शकते. हे गणित डोक्यात असलं की कुठल्या जोडीची होडी कुठे अडकली आहे ते तुम्हाला नुसतं बघून कळतं, आणि योग्य प्रश्न विचारता येतो.

अक्षरं, बी आणि मापन

वाचनात हाताचा उपयोग सगळ्यात जास्त होतो तो मात्रांपाशी. अक्षरं जाड कार्डांवर लिहा आणि काना, वेलांट्या, उकार, मात्रा पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर. मूल ‘क’वर तुकडा ठेवतं आणि वाचतं. ऱ्हस्व वेलांटीची गंमत इथे उघड होते: तिचा उच्चार अक्षरानंतर, पण तुकडा मात्र अक्षराच्या डावीकडे. ज्यांच्या लेखनात वेलांटी भलत्या अक्षराला जाऊन चिकटते, त्या मुलांना हा तुकडा रोज दोन मिनिटं हलवायला द्या. या सगळ्याआधी कानांचं काम व्हायला हवं. ‘कमळ’ म्हणत तीन टाळ्या, प्रत्येक अक्षराला एक बटण पुढे सरकवायचं, मग पहिलं बटण काढून उरलं काय ते म्हणायचं: ‘मळ’. कार्डांनी जुळवलेला शब्द त्याच दिवशी वहीत लिहून घ्या, नाहीतर कार्ड एकीकडे आणि लेखन दुसरीकडे राहतं. वाळूच्या ताटात बोटाने अक्षर गिरवणं वळण समजेपर्यंतच ठेवा.

बी रुजवण्यासाठी काचेच्या बरणीत आतून ओला टिपकागद गुंडाळून लावा. घेवड्याच्या बिया रात्रभर भिजवून काच आणि कागद यांच्यामध्ये ठेवा. तळाशी थोडंच पाणी राहू द्या. बी पाण्यात बुडालं तर त्याला हवा मिळत नाही आणि ते कुजतं. शेतीसाठी विकलं जाणारं, रंगीत लेप दिलेलं बियाणं घेऊ नका. त्यावर औषध लावलेलं असतं. आधी मूळ बाहेर येईल की पान, हा अंदाज चित्रातून घ्या. मूळ बोटभर वाढलं की बरणी आडवी करा आणि विचारा, ‘आता मूळ कुठे जाईल?’ एक-दोन दिवसांत ते पुन्हा खाली वळतं.

मापनाची सुरुवात मला याच रोपापासून करायला आवडते. रोज रोपाच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापायची, मागे तारीख लिहायची आणि सगळ्या पट्ट्या एका सरळ रेषेवर शेजारी शेजारी चिकटवायच्या. दोन आठवड्यांत मुलांनी स्वतः स्तंभालेख तयार केलेला असतो. ‘कोणत्या दिवशी सगळ्यात जास्त वाढलं?’ या प्रश्नाला पट्ट्यांमधला फरक बघावा लागतो, सगळ्यात उंच पट्टी नव्हे. इथे बरेच जण अडखळतात, म्हणून पुरेसा वेळ द्या. पुढे फूटपट्टी आली की मुलं शून्याऐवजी एकपासून मोजायला लागतात. यावर चांगला उपाय म्हणजे टोक मोडलेली पट्टी देणं, जी ३ पासून सुरू होते. तिच्यावर पेन्सिल मोजायची तर किती सेंटिमीटर ओलांडले हे मोजावंच लागतं.

वर्ग सांभाळताना

पन्नास मुलांच्या वर्गात एकाच वेळी सगळ्यांना पाण्याचे टब देणं शक्य नाही, आणि गरजही नाही. अर्धा वर्ग वाचन किंवा चित्रात, अर्धा कृतीत, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. गटात चार जण असले तर प्रत्येकाला काम ठरवून द्या: आणणारा, करणारा, लिहिणारा, आवरणारा. ही कामं रोज फिरवा, नाहीतर धीट मूल कायम ‘करणारा’ राहतं. थांबण्याची खूण (टाळी, घंटा, काहीही) साहित्य देण्याआधी दोनदा सराव करून घ्या. आवरणं हा तासाचाच भाग आहे, त्याला सात-आठ मिनिटं राखून ठेवा.

आवाज होणारच. तो कसला आहे ते ऐका. ‘नाही, आधी दहा कर!’ हा आवाज हवा आहे. ‘माझं दे!’ ऐकू येत असेल तर साहित्य कमी पडलं आहे किंवा काम संपलं आहे.

मागे राहणारी मुलं आळशी असतात असं समजू नका. काहींना ओली, चिकट वस्तू हाताला नकोशी होते. त्यांना चमचा किंवा हातमोजा द्या, गोट्या ठेवायचं काम द्या, हळूहळू ती जवळ येतात. बोटांत ताकद कमी असलेल्या मुलाला जाड काड्या आणि मोठी रबरं, कमी दिसणाऱ्या मुलाला खरखरीत कागदाचे अंक. ही तयारी आधीच ताटात असावी, मागावी लागू नये.

प्रश्न विचारल्यावर थांबणं हे कौशल्य सगळ्यात अवघड. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचा अभ्यास करून दाखवलं की शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ते तीन सेकंद किंवा अधिक थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, अधिक मुलं बोलू लागतात. मनात तीनपर्यंत मोजा. बरोबर उत्तरावर लगेच ‘शाबास’ही म्हणू नका, कारण त्या शब्दासरशी बाकीचे विचार करणं सोडतात. ‘बरं, आणखी कुणाला वेगळं वाटतं?’ एवढं पुरे.

रोज पाचच मुलांच्या नोंदी ठेवा. नावापुढे त्याने म्हटलेलं एक वाक्य, जसंच्या तसं. ‘एक काडी दाखवली’, ‘म्हणाली, आकार बदलला पण क्ले तीच’. गुण देण्यापेक्षा ही वाक्यं जास्त सांगतात. संध्याकाळी त्यावर नजर टाकली की उद्या कुणाला चित्राकडे न्यायचं आणि कुणाला आणखी दोन दिवस काड्याच द्यायच्या हे ठरतं.

साहित्य कधी काढून घ्यायचं

काही मुलं स्वतःच काड्या बाजूला सारतात, थेट रेघा-ठिपके काढतात किंवा तोंडीच सांगतात. त्यांना पुन्हा काड्या मोजायला लावू नका. उलट काही मुलं सरावाने काड्यांवर इतकी विसंबतात की ७ + २ साठीही हात पेटीकडे जातो. त्यांच्यासाठी काड्या रुमालाखाली झाका: ‘सात इथे झाकल्यात, दोन आणखी ठेवतो, आता किती?’ मूल मनात चित्र बघायला लागतं. अडलं तर रुमाल उचलून तपासायची मुभा असू द्या.

साहित्य कपाटात कुलूपबंद करू नका. ते मुलांचा हात पोचेल अशा फळीवर असावं, म्हणजे ज्याला गरज वाटेल तो उठून घेईल. तीन अंकी संख्या सुरू झाल्या की दहा गठ्ठ्यांचा एक मोठा गठ्ठा बांधायचा असतो, तेव्हा सगळ्या वर्गाला काड्या पुन्हा लागतात. तोपर्यंत त्या मोजून, शंभराच्या एकेका डब्यात भरून ठेवा. रबरं मात्र काढून ठेवा, महिनोन् महिने ताणलेली राहिली की ती सुकून तुटतात.